‘मी’ आणि ‘माझा’ : फरी-समुदायाच्या अभ्यासातील एक व्याकरणिक अडचण

मनुष्येतर प्राण्यास मनुष्याची वाणी, मनुष्याचा वेष आणि मनुष्याचे व्यवहार देऊन निर्माण केलेल्या पात्रांच्या चित्रांत, कथांत व सोंगांत रमणाऱ्या रसिकांचा एक समुदाय गेल्या चार-साडेचार दशकांत प्रथम अमेरिकेत आणि पुढे युरोपात व अन्यत्र उदयास आला. ‘फरी फँडम’ या नावाने तो ओळखला जातो. या समुदायाविषयी वृत्तपत्री कुतूहल पुष्कळ आहे. शास्त्रीय स्वरूपाचे संशोधन त्यामानाने अलीकडचे असून त्याचा पाया कॅथलीन गर्बासी आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली ‘सोसायटी अँड अ‍ॅनिमल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. त्या निबंधाचा व त्यावरील वादाचा विचार मानसशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अंगाने झालेला आहे. परंतु ज्या दोन प्रश्नांवर त्या निबंधातील वर्गीकरणाची सारी उभारणी आहे ते प्रश्न अखेर दोन वाक्ये आहेत, आणि वाक्य म्हटले की व्याकरण आले. प्रस्तुत लेखात त्या वाक्यांची तपासणी करावयाची आहे.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट. ‘फरी’ हे मूळचे विशेषण. अंगावर दाट, मऊ केस असलेला, लोमश, असा त्याचा कोशगत अर्थ. या समुदायाच्या बोलीत ते चित्रातील पात्रास लागते, अशा पात्रांच्या चाहत्यांच्या मेळाव्यास लागते, आणि विशेषणाचे नाम होऊन चाहत्या माणसासही लागते. रेखाटलेल्याचे नाव रेखाटणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास मिळावे ही गोष्ट सामान्य नव्हे. तमाशाच्या शौकिनास कोणी तमाशा म्हणत नाही. इंग्रजीत आजही ‘फरी’चे हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात, आणि समुदायाबाहेरील वाचकाच्या मनात होणाऱ्या घोटाळ्यास येथूनच प्रारंभ होतो. पात्र केसाळ आहे हे वाक्य निरुपद्रवी. माणूस ‘फरी’ आहे हे वाक्य ऐकताच ऐकणारा त्याच्या अंगावरचे केस शोधू लागतो.

दुसरा शब्द ‘फरसोना’. समुदायातील व्यक्ती स्वतःसाठी जे प्राणिपात्र कल्पिते, त्यास नाव, वर्ण, स्वभाव व बहुधा चित्ररूप देते, त्या पात्राची ही संज्ञा. ‘फर’ आणि ‘पर्सोना’ यांचा हा संधी नव्हे, संकर आहे. लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. या शब्दाचा पूर्वार्ध कापून तेथे ‘फर’ बसविण्यात आला आणि उरलेला ‘सोना’ हा तुकडा, व्युत्पत्तीचा कसलाही आधार नसता, प्रत्ययासारखा वापरला जाऊ लागला. ‘हॅम्बर्गर’मधून ‘बर्गर’ सुटा झाला त्याच जातीचा हा व्यापार होय. समुदायाच्या व्यवहारातले लक्षात घेण्याजोगे वाक्य मात्र असे आहे : ‘माझा फरसोना कोल्हा आहे.’ या वाक्याचा कर्ता ‘मी’ नाही. ‘मी’ येथे षष्ठीत आहे, स्वामी म्हणून आहे. या षष्ठीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

फरी या शब्दास मराठी प्रतिशब्द द्यावा काय, हा प्रश्न येथे सोडून देणे बरे. ‘लोमश’ म्हटल्यास पुराणातील ऋषी आठवतात आणि ‘प्राणिप्रेमी’ म्हटल्यास गोरक्षणाची वर्गणी. लेखात मूळ शब्दच ठेवला आहे.

समुदायाच्या उगमाविषयी त्याचे इतिहासकार फ्रेड पॅटन (१९४०–२०१८) यांची हकीकत सामान्यतः प्रमाण मानली जाते. १९८० साली बॉस्टन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनाच्या चित्रप्रदर्शनात स्टीव्ह गॅलाची यांनी एर्मा फेल्ना या मार्जारवंशीय सैनिक-नायिकेचे चित्र मांडले. त्या चित्राभोवती जी चर्चा झाली तीमधून एक गट जमला आणि पुढील संमेलनांत तो भेटत राहिला. त्यापूर्वी, १९७६ मध्ये, मिनिआपोलिस येथे रीड वॉलर व केन फ्लेचर यांनी ‘वूटी’ हे हौशी प्रकाशन सुरू केले होते. १९८४ मध्ये ‘राउरब्रॅझल’ हे त्याच जातीचे दुसरे निघाले. या प्रकाशनांची घडण सांगण्याजोगी आहे. प्रत्येक सभासदाने आपली पाने स्वतःच छापावयाची, ठरलेल्या संख्येच्या प्रती एका संकलकाकडे धाडावयाच्या, आणि संकलकाने सर्वांची पाने एकत्र टाचून प्रत्येकास एकेक संच परत पाठवावयाचा. अर्थात लेखक तेवढेच वाचक आणि वाचक तेवढेच लेखक. जो रेखाटतो तोच पाहतो, ही या समुदायाची रीत त्याच्या जन्मापासूनची आहे. स्टॅन साकाई यांचा ससा-सामुराई उसागी १९८४ साली गॅलाची यांच्या ‘अल्बेडो’ या पत्रिकेच्या दुसऱ्या अंकात प्रथम अवतरला, यावरून या लहानशा वर्तुळाची कलादृष्ट्या योग्यता लक्षात यावी.

१९८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मार्क मर्लिनो व रॉड ओरायली यांनी विज्ञानकथा-संमेलनांच्या अनुषंगाने ‘फरी’ मेळावे भरविण्यास प्रारंभ केला. जानेवारी १९८९ मध्ये कोस्टा मेसा येथे पहिले स्वतंत्र संमेलन भरले, त्यास ६५ जण उपस्थित होते. जर्मनीत १९९५ मध्ये ‘युरोफरेन्स’ सुरू झाले. १९९७ मध्ये ऑल्बनी येथे सुरू झालेले ‘अँथ्रोकॉन’ २००६ पासून पिट्सबर्ग येथे भरते आणि २०२४ साली त्याची उपस्थिती सतरा हजारांवर गेली. वाढीचे प्रमाण यावरून कळते. तिची कारणे एका वाक्यात सांगण्यासारखी नाहीत.

या अर्वाचीन हकीकतीवर अनेक चाहते समाधान मानीत नाहीत. मिसर देशातील श्वानमुखी देव, इसापाच्या कथा आणि क्वचित पंचतंत्रही आपल्या पूर्वपरंपरेत ओढण्याची त्यांची प्रवृत्ती आहे. प्रत्येक नव्या संप्रदायास प्राचीन कुलवृत्तान्ताची हौस असतेच. परंतु हा वृत्तान्त ग्राह्य धरता येत नाही, आणि तो का धरता येत नाही हे पाहिले म्हणजे या समुदायाचे वैशिष्ट्यही हाती लागते. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे आहेत खरे. पण ते ‘तो’ आहेत. विष्णुशर्म्याने राजपुत्रांस दमनकाची कारस्थाने सांगितली ती दमनकासारख्या माणसांपासून सावध राहावे, अथवा प्रसंगी त्यांच्यासारखे वागता यावे म्हणून. तीन राजपुत्रांपैकी एकाने दमनकास आपले नाव दिले, दुसऱ्याने करटकाचा वर्ण आपल्या आवडीप्रमाणे निळसर केला, असे तेथे घडत नाही. प्राणिकथेतील कोल्हा तृतीयपुरुषी आहे. फरी-समुदायातील कोल्ह्याची गाठ प्रथमपुरुषाशी बांधलेली आहे. या गाठीचे स्वरूप कोणते, हाच सारा प्रश्न आहे.

या ठिकाणी १९९० साली सुरू झालेल्या ‘फरीमक’ या संगणकीय विश्वाचे उदाहरण उपयोगी पडेल. हे विश्व केवळ लिखित शब्दांचे होते. चित्र नाही, ध्वनी नाही. खेळाडूने आपल्या पात्राचे वर्णन लिहावयाचे आणि ते वर्णन हाच त्याचा देह. पात्राने एखादी कृती करावयाची झाल्यास खेळाडू एक चिन्ह टंकून पुढे केवळ क्रियापद लिहीत असे, आणि यंत्र त्यामागे पात्राचे नाव जोडून ते वाक्य सर्वांस दाखवीत असे. खेळाडूने ‘शेपटी हलवतो’ एवढे लिहिले की पडद्यावर ‘अमुक शेपटी हलवतो’ असे उमटे. आणि स्वतः लिहिणाऱ्याच्या पडद्यावरही तेच उमटे. ‘मी शेपटी हलवतो’ असे नव्हे. जेथे मनुष्य आपल्या प्राणिरूपाशी अत्यंत एकरूप झाला असे बाहेरच्यास वाटावे, तेथेच तो स्वतःविषयी तृतीयपुरुषात लिहीत होता आणि ते वाचीतही होता. कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार बाहुलीच्या तोंडून बोलतो, परंतु सूत्रे त्याच्या हाती असतात व ती त्यास दिसत असतात. तशातला हा प्रकार. संमेलनांत केसाळ पोशाख घालून वावरणारे पुष्कळ जण पोशाखात असेतो बोलतच नाहीत, केवळ हावभाव करतात. ‘मी’ उच्चारण्याचा प्रसंगच ते येऊ देत नाहीत.

आता २००८ च्या निबंधाकडे वळू. एका फरी-संमेलनास आलेले २१७ फरी, त्याच संमेलनातील २९ फरीतर व्यक्ती आणि तुलनेसाठी ६८ महाविद्यालयीन विद्यार्थी, इतक्यांची उत्तरे त्यात तपासली आहेत. कळीचे प्रश्न दोन. तुम्ही स्वतःस शंभर टक्क्यांहून कमी मनुष्य मानता काय? आणि शून्य टक्के मनुष्य होणे शक्य असते तर तुम्ही झाला असता काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. या दोन प्रश्नांच्या चार संभाव्य उत्तरजोड्यांतून फरींचे चार वर्ग पाडले आहेत. पहिल्यास ‘होय’ म्हणणाऱ्याचा आत्मबोध विपर्यस्त ठरतो, दुसऱ्यास ‘होय’ म्हणणाऱ्याची जाती-अस्मिता अप्राप्त ठरते. दोहोंस ‘होय’ म्हणणारे एक-चतुर्थांश निघाले. त्यांचे साम्य त्या काळी प्रचलित असलेल्या लिंग-अस्मिता-विकृती या निदानाशी दाखवून ‘जाती-अस्मिता-विकृती’ अशी एक संकल्पना पुढील संशोधनासाठी सुचविली आहे. (येथे ‘विपर्यस्त’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. ‘विकृत आत्मबोध’ असे भाषांतर केल्यास संस्कृतातील ‘बदललेला’ हा सौम्य अर्थ मागे पडून मराठीतील शिवी पुढे येते.)

निबंधकारांचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. २००१ मधील ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकातील लेखाने आणि २००३ मधील एका गुन्हेशोधक दूरदर्शन-मालिकेच्या भागाने या समुदायाची जी कामुक प्रतिमा रूढ केली होती, तिच्या जागी प्रश्नावली घेऊन माणसांपुढे उभे राहणे हीच मोठी गोष्ट होती. परंतु प्रश्नावलीतील वाक्यरचना समुदायाच्या भाषेतून घेतलेली नाही. समुदाय म्हणतो, ‘माझा फरसोना अमुक आहे’. प्रश्न विचारतो, ‘तू अमुक आहेस काय, आणि किती टक्के?’ षष्ठीचे वाक्य प्रथमेत बदलले गेले. आपल्या मालकीचे जे होते ते आपले असणे ठरले.

यावर आक्षेप येईल तो असा की, अनेक फरी ‘मी कोल्हा आहे’ असे प्रत्यक्ष बोलतातच. बोलतात, यात शंका नाही. पण ‘असणे’ या क्रियापदाचे काम सर्वत्र एकच नसते. ‘एकच प्याल्यात बालगंधर्व सिंधू होते’ हे वाक्य १९१९ पासून मराठी माणूस निःशंकपणे उच्चारीत आला आहे. ‘सिंधूचे काम करीत’ हे त्याचे पूर्ण रूप. पण पूर्ण रूपावाचून कोणाचेही अडले नाही. या वाक्यावरून नटाच्या आत्मबोधाचे टक्के काढावयास कोणी बसले नाही. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘मुख चंद्र आहे’ यास रूपक म्हणतात आणि नाट्यशास्त्रात नाट्यासही रूपक म्हणतात. दोन्हीकडे कारण एकच, एका वस्तूवर दुसरीच्या रूपाचा आरोप. हा आरोप जाणून-बुजून केलेला असतो. भ्रमात तो जाणून-बुजून नसतो. रूपक आणि भ्रांतिमान हे आपल्या आलंकारिकांनी वेगळे अलंकार मानले ते उगाच नव्हे. ‘होय-नाही’ची प्रश्नावली या दोहोंना एकाच रकान्यात टाकते.

प्रश्न कोठे विचारला गेला, हेही विसरता येत नाही. संमेलनाच्या सभागृहात, ज्याच्या गळ्यात फरसोनाच्या नावाचा बिल्ला आहे आणि कदाचित डोक्यावर कान आहेत, अशा माणसास तो विचारला गेला. रंगपटात अर्धा चेहरा रंगलेल्या नटास ‘आपण कोण?’ असे विचारल्यास तो काय उत्तर देईल, हे त्याच्या प्रकृतीपेक्षा प्रसंगावर अधिक अवलंबून राहील.

अर्थात एवढ्याने प्रकरण मिटत नाही. आपण खरोखरच मनुष्येतर आहोत अशी भावना बाळगणारे लोक आहेत; त्यांस ‘थेरियन’ म्हणतात, आणि पुढील संशोधनाने फरींपासून त्यांचा वर्ग वेगळा काढला आहे. दोन्ही वर्गांत मोडणारे फरींमध्ये अल्पसंख्य आहेत. त्यांच्या तोंडचे ‘मी आहे’ हे रूपक मानून बाजूस सारणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि भाषाशास्त्रज्ञाने तो करू नये. आक्षेप एवढाच की २००८ ची वाक्ये या दोन ‘आहे’मध्ये भेद करू शकत नाहीत, आणि तरीही त्यांच्या बेरजेवरून एका विकृतीचे नाव सुचविले जाते.

त्याच निबंधात एक निरीक्षण आहे, त्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. उत्तरदात्यांनी सांगितलेल्या रूपांत श्वानवंश, मार्जारवंश आणि ड्रॅगन हे वारंवार येतात. वानरवंशातील रूप मात्र एकानेही सांगितलेले नाही. माणूसपणाचे टक्के कमी करावयाचे असते तर वानर हा सर्वांत जवळचा मार्ग होता. तो कोणी घेत नाही, आणि जगात कधीच न झालेला ड्रॅगन पुष्कळ जण घेतात. येथे जाती-अस्मिता हा शब्दच लटका पडतो, कारण ड्रॅगन ही जाती नव्हे. ती एक साहित्यिक परंपरा आहे. उपमेस साधर्म्य लागते तसाच भेदही लागतो. वानर माणसाच्या इतका निकट आहे की त्याच्याशी केलेली तुलना पाश्चात्त्य मनास उपमेसारखी वाटतच नाही, उपहासासारखी वाटते. हनुमंत ज्यांच्या वेशीवर उभा आहे अशा समाजात ही निवड वेगळी झाली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र पिट्सबर्गच्या संमेलनात मिळणार नाही.

२०११ साली फियोना प्रॉबिन-रॅप्सी यांनी त्याच नियतकालिकात या निबंधावर टीका केली. ज्या लिंग-अस्मिता-विकृतीच्या निदानाशी तुलना केली आहे ते निदानच वादग्रस्त असता त्याच्या नमुन्यावर दुसरी विकृती बेतणे सयुक्तिक नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गर्बासी व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. या वादात काळाने टीकाकाराची बाजू घेतली असे म्हणावे लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेतून ते नाव काढून टाकले. तथापि प्रॉबिन-रॅप्सी यांची टीका नमुन्यापाशी थांबते, वाक्यापर्यंत जात नाही. निदानाचे नाव उद्या सर्वथा निर्दोष ठरले, तरी ‘स्वतःस किती टक्के मनुष्य मानता’ या वाक्याचा दोष कायमच राहील.

गर्बासी यांच्यासह कोर्टनी प्लांटे, स्टीफन रायसेन व शॅरन रॉबर्ट्स यांनी पुढे जे मोठे पाहणीकार्य केले, त्यात विकृतीचा विचार मागे पडून समुदायाशी असलेल्या नात्याचा विचार पुढे आला, ही समाधानाची गोष्ट. त्या पाहण्यांचे चित्र स्थूलमानाने असे : समुदाय तरुण आहे, बहुसंख्य सदस्य किशोरवय ते पंचविशी या टप्प्यात आहेत, पुरुष बरेच अधिक आहेत, पण पारलिंगी व्यक्तींचे प्रमाण सामान्य लोकसंख्येच्या मानाने लक्षणीय आहे, स्वतःस निव्वळ भिन्नलिंगाकर्षी म्हणविणारे अल्पमतात आहेत, गौरवर्णीयांचे प्राबल्य मोठे आहे. सुमारे ९५ टक्के सदस्यांस फरसोना आहे. उलट संपूर्ण पोशाख असणारे थोडे, कारण तो हजारो डॉलरांस पडतो. छायाचित्रे मात्र नेहमी पोशाखाचीच छापली जातात, त्यामुळे ज्यांच्यापाशी तो नाही असे बहुसंख्य फरी वृत्तपत्रांच्या वाचकास कधी दिसलेलेच नसतात. हे आकडे संमेलनास येऊ शकणाऱ्यांकडून व प्रश्नावली इंग्रजीत भरू शकणाऱ्यांकडून आलेले आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वापरावेत. गौरवर्णीयांचे प्राबल्य हे अंशतः समुदायाचे लक्षण असेल, अंशतः पाहणीच्या वाटेचे.

व्याकरणाचा हा खल केवळ विद्वानांपुरता राहिला असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु २०२१-२२ मध्ये अमेरिकेत अफवा पसरली की, काही मुले स्वतःस मांजर समजतात म्हणून शाळांनी स्वच्छतागृहांत त्यांच्यासाठी रेतीच्या पेट्या ठेवल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात एका सदस्याने ती चर्चेत मांडली आणि ती खोटी असल्याचे कळताच क्षमा मागितली. मार्च २०२५ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात शाळांतील ‘मनुष्येतर वर्तना’स बंदी घालणारे विधेयक मांडले गेले, इंग्रजी आद्याक्षरांतून ‘फरीज’ हाच शब्द निघावा अशा बेताने त्याचे नाव रचलेले होते. गंमत अशी की, नाटकातील भूमिका आणि शाळेचे प्राणिरूपी शुभचिन्ह यांना त्या मसुद्यात अपवाद करावा लागला. रूपक आणि भ्रम यांतील जो भेद प्रश्नावलीस करता आला नाही, तो करण्याची पाळी विधेयकाच्या मसुदाकारावर आली. २००८ च्या निबंधाने ही अफवा जन्मास घातली, असे म्हणणे सर्वथा अन्याय्य होईल. पण ‘मूल मांजराचे सोंग घेते’ याच्या जागी ‘मूल स्वतःस मांजर समजते’ हे वाक्य बसविल्यावाचून अफवेस पाय फुटले नसते, आणि ही अदलाबदल त्या निबंधात झालेल्या अदलाबदलीची सख्खी बहीण आहे. उपहासाचा त्रास सोसतो तो शाळेतील मुलगा, ज्याने वहीच्या मागच्या पानावर आपला कोल्हा काढलेला असतो.

मराठीत अशी पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एक अडचण आरंभीच येईल. भारतातही या समुदायाचे सदस्य आहेत, तेव्हा हा प्रसंग अगदीच काल्पनिक नव्हे. गर्बासींचा पहिला प्रश्न ‘तुम्ही स्वतःला … समजता काय?’ असा सहज भाषांतरित होतो. परंतु मराठीत ‘स्वतःला अमुक समजणे’ या प्रयोगात बोलणाऱ्याचा अविश्वास आधीच भरलेला आहे. ‘तो स्वतःला शहाणा समजतो’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते तो शहाणा नसतो, यावर सर्व मराठी भाषकांचे एकमत आहे. हा प्रश्न विचारणे म्हणजे आरोपपत्र वाचणे होय. ‘मानता’ म्हटल्यास भार किंचित कमी होतो, ‘वाटते’ म्हटल्यास कर्ता चतुर्थीत जाऊन भावना त्याच्यावर येऊन आदळल्यासारखी होते, ‘होता’ म्हटल्यास अंगात येण्याचा भास होतो, आणि ‘सोंग घेता’ म्हटल्यास खरेपणाचा सारा अंश गळून पडतो. इंग्रजीत एका क्रियापदाखाली जे झाकले गेले ते मराठीत पाच ठिकाणी उघडे पडते. म्हणून पाहणी करणाऱ्याने ही पाचही वाक्ये उत्तरदात्यापुढे ठेवावीत, आणि यांपैकी कोणते वाक्य तो स्वतः आपल्याविषयी बोलेल एवढेच प्रथम विचारावे; टक्के त्यानंतर.